पायी परिक्रमेसाठी चार-पाच महिन्यांचा आरोग्य विमा शोधताना

नर्मदेची पायी परिक्रमा करायची ठरवली आहे, असे कोल्हापुरात चारचौघांत सांगितले की सल्ल्यांना तोटा राहत नाही. काठी कोणती घ्यावी, बूट घालावेत की चप्पल, सदावर्त कुठे मिळते, शूलपाणीच्या झाडीत मुक्काम कुठे करावा, हे सगळे लोक आपणहून सांगतात. विम्याविषयी मात्र कोणी बोलत नाही, आणि आपण विषय काढला तर ‘मैया सांभाळते’ एवढे एकच उत्तर येते. मैया सांभाळते याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण घाटावर पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर बडवानीच्या किंवा भरूचच्या रुग्णालयात आगाऊ रक्कम कोण भरणार, हा प्रश्न तिच्यावर सोपवून निघणे मला प्रशस्त वाटले नाही.

माझी अडचण थोडी निराळीही होती. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी हिशेबाचे काम करत होते, आणि तिथल्या गट विम्यात माझे नाव होते. परिक्रमेसाठी राजीनामा दिला की ते छत्र त्याच दिवशी संपणार होते. परत आल्यावर दुसरी नोकरी बघायचा विचार असल्याने मला हवा होता तो फक्त मधल्या चार-पाच महिन्यांपुरता, खिशाला परवडणारा विमा. सोबत माझी नणंद येणार. वन्सं बासष्ट वर्षांच्या आहेत, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि विमा कोणताच नाही.

‘अल्प मुदतीचा आरोग्य विमा’ म्हणून शोधायला गेल्यावर प्रथम लक्षात येते ते हे, की आपल्याकडे ही वस्तू जवळजवळ विकलीच जात नाही. व्यक्तीला मिळणारा आरोग्य विमा किमान एका वर्षाचा असतो. याला एक ठळक अपवाद होऊन गेला, तो कोरोनाकाळातला: विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२० मध्ये ‘कोरोना कवच’ नावाची प्रमाणित पॉलिसी सर्व कंपन्यांना आणायला लावली, आणि ती साडेतीन, साडेसहा व साडेनऊ महिन्यांच्या मुदतीची होती. पण ती एकाच आजारापुरती होती. कंपन्या अल्प मुदतीला का नाखूष असतात, हे समजायला विमाशास्त्र शिकावे लागत नाही. दोन-तीन महिन्यांचा विमा मिळू लागला, तर ज्याचे ऑपरेशन ठरले आहे तोच तो घेईल, आणि धडधाकट माणूस त्या वाटेला जाणार नाही.

चालणाऱ्यांसाठीचे अल्प मुदतीचे छत्र आपल्या राज्याला अगदीच अपरिचित आहे, असेही नाही. २०२३ च्या आषाढी वारीआधी राज्य शासनाने वारकऱ्यांसाठी ३० दिवसांचे विमा छत्र जाहीर केले होते, त्यात अपघाती मृत्यूसाठी ५ लाख आणि उपचारांसाठी ३५ हजारांपर्यंतची तरतूद होती. आळंदी ते पंढरपूर हे अडीचशे किलोमीटरच्या आसपासचे चालणे शासनाच्या डोळ्यांसमोर घडते, तारखा ठरलेल्या असतात आणि पालख्यांचा मार्गही ठरलेला असतो. परिक्रमा अडीच हजार किलोमीटरांच्या पुढे जाते, तीन राज्यांतून जाते, आणि कोण कधी निघाले याची एका जागी नोंद नसते. तेव्हा तसे छत्र इथे मिळण्याची आशा करण्यात अर्थ नव्हता.

मग देशांतर्गत प्रवास विमा पाहिला. हा विमा खरोखर दिवसांच्या हिशेबाने मिळतो आणि स्वस्तही असतो, म्हणून पहिल्यांदा मी त्यालाच भुलले. अर्ज भरायला बसले, तर पहिल्याच पानावर ‘निघण्याची तारीख’, ‘परतीची तारीख’ आणि ‘प्रवासाचे ठिकाण’ अशा तीन चौकटी होत्या. परतीची तारीख परिक्रमावासीयाला कोण सांगणार? ठिकाणाच्या चौकटीत एकच शहर निवडायची सोय होती. मी ओंकारेश्वर निवडले असते, तर महिन्याभराने गुजरातेत झालेला दावा कोणत्या चौकटीत बसवायचा, हे मला तरी उमगले नाही. मी वाचलेल्या माहितीपत्रकांत एका प्रवासाची कमाल मुदतही ठरलेली होती आणि आमचे चालणे तिच्यात मावत नव्हते. हा विमा विमानाने गोव्याला किंवा आठ-दहा दिवसांच्या हिमालयातल्या ट्रेकला जाणाऱ्यासाठी ठीक आहे. तिथे ट्रेक आयोजित करणारी संस्थाच बहुधा तो काढून देते, आणि किती उंचीपर्यंत छत्र आहे व हेलिकॉप्टरचा खर्च मिळतो का, एवढे दोन प्रश्न विचारले की पुरते. रेल्वेचे तिकीट काढताना ४५ पैशांत मिळणारा विमाही आम्ही घेणारच आहोत, पण तो गाडीतून उतरलो की संपला.

लक्ष्मीपुरीतल्या एका ओळखीच्या एजंटकाकांनी शेवटी मला सरळ वाटेवर आणले. त्यांचे म्हणणे असे, की चार महिन्यांची पॉलिसी शोधत बसू नका, वर्षाचीच घ्या; आल्यावर नको वाटली तर रद्द करा. मला ती पळवाट वाटली होती, पण नियम तसाच आहे. नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार विमाधारक सात दिवसांची लेखी सूचना देऊन पॉलिसी केव्हाही रद्द करू शकतो, आणि मुदत एका वर्षापर्यंतची असून दावा केलेला नसेल, तर उरलेल्या काळाचा हप्ता त्या प्रमाणात परत मिळतो. समजा हप्ता ८,००० रुपये आहे आणि पाच महिन्यांनी पॉलिसी रद्द केली, तर साडेचार हजारांच्या वर रक्कम परत येते, म्हणजे पाच महिन्यांचे छत्र साडेतीन हजारांच्या आत पडते. हप्ता दरमहा भरण्याचीही सोय अनेक कंपन्या देतात. तिथे ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की मध्येच दावा झाला तर वर्षाचे उरलेले हप्ते एकदम देय होतात आणि ते दाव्याच्या रकमेतून वळते केले जाऊ शकतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. वरच्याच उदाहरणातल्या ८,००० साठी त्याआधी ९,४४० मोजावे लागले असते.

माझ्यापुरता आणखी एक मार्ग होता. गट विम्यातून बाहेर पडणाऱ्याला त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो आणि आधी काढलेली प्रतीक्षेची वर्षे, म्हणजे जुन्या आजारांना विमा लागू होण्याआधी थांबायचा काळ, त्यात जमेस धरली जातात. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाने राजीनाम्याआधी मनुष्यबळ विभागाकडे याची चौकशी करावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण एकदा नाव कमी झाले की मागून कोणी विचारत नाही. मी तो अर्ज केला; पण कंपनीने पुढे केलेली पॉलिसी मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांचा विचार करून आखलेली होती आणि हप्ता तसाच होता. मला तेवढे नको होते.

त्यामुळे आम्ही दोघींसाठी ‘आरोग्य संजीवनी’ नक्की केली. ही १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांकडे एकाच नमुन्याने मिळणारी पॉलिसी आहे. अटी सगळीकडे सारख्या आणि हप्ता मात्र कंपनीगणिक वेगळा, म्हणून किमतींची तुलना करणे सोपे जाते. दुसरे म्हणजे, तिचा हप्ता देशभर सारखा ठेवणे बंधनकारक आहे. इतर काही पॉलिसींत कोल्हापूरसारख्या शहराला स्वस्त विभागात धरतात आणि उपचार महागड्या विभागातल्या शहरात झाले तर बिलाचा काही भाग आपल्यावर टाकतात. गावोगाव चालत जाणाऱ्याला ही अट फार महागात पडू शकते. संजीवनीचे तोटेही लपवण्यासारखे नाहीत. प्रत्येक दाव्यात ५ टक्के वाटा आपण उचलायचा असतो. खोलीभाडे विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० च्या वर नाही. आणि रुग्णवाहिकेला एका वेळी २,००० रुपये. यातले खोलीभाडे सर्वांत कपटी आहे, कारण ठरलेल्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर डॉक्टरांच्या फीसह इतर अनेक बाबी त्याच प्रमाणात कापल्या जातात. १ लाखाची पॉलिसी घेणाऱ्याला दिवसाला २,००० चीच खोली मिळते, म्हणून हप्ता थोडा वाचवण्यासाठी रक्कम इतकी कमी ठेवणे मला शहाणपणाचे वाटले नाही. आम्ही ५ लाखांची घेतली. रुग्णवाहिकेच्या मर्यादेची मला फारशी चिंता नाही. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात या तिन्ही राज्यांत १०८ क्रमांकाची सेवा विनामूल्य आहे.

वेळेचा हिशेब मात्र काटेकोर करावा लागतो, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिले ३० दिवस आजारपणाचा दावा चालत नाही, फक्त अपघाताचा चालतो. परिक्रमेला चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी एकादशीनंतर निघतात. घटस्थापना ते कार्तिकी हे अंतर चाळीस तिथींचे, तेव्हा घट बसतानाच पॉलिसी हाती असली तर महिना आरामात सरतो. दसऱ्याला घेतली तर जेमतेम जमते. दिवाळीत सवड काढून घेऊ म्हटले, तर ओंकारेश्वराहून निघाल्यावरचे पहिले दिवस मलेरिया-डेंग्यूच्या बाबतीत उघडे राहतात. अर्जात आजार लिहिला असेल, तर कंपनी तपासण्या सांगते आणि त्यात आणखी आठवडा जातो.

वन्संच्या गोळीवरून एक प्रसंग घडला. एजंटकाकांकडे जाण्याआधी आम्ही दुसऱ्या एकाकडे गेलो होतो. त्याने अर्ज भरता भरता अगदी सहज सांगितले, “ताई, बीपीचं लिहू नका, एवढ्या रकमेला कोण तपासायला येतंय?” वन्संनी त्याच्या हातातून पेन घेतले आणि म्हणाल्या, “मी रोज सकाळी गोळी घेते, ते चिठ्ठीवर लिहिलेलं आहे. तुम्ही लिहा, नाहीतर मी लिहिते.” तिथून आम्ही उठलो. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी बाहेर येतोच, कारण दाखल झाल्यावर डॉक्टर पहिलाच प्रश्न जुन्या औषधांचा विचारतात आणि तो केस पेपरवर उतरतो; मग कंपनी आजार दडवल्याचे कारण दाखवून दावा नाकारू शकते. सांगितलेल्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षे प्रतीक्षा असते. म्हणजे यंदाच्या परिक्रमेत वन्संना रक्तदाबातून काही उद्भवले तर खर्च आमचा; पण हाड मोडले, जंतुसंसर्ग झाला, मलेरियाने दाखल व्हावे लागले, तर छत्र आहे. ही वस्तुस्थिती घरात सर्वांसमोर स्पष्ट बोलून ठेवली आणि त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला काढली.

पॉलिसीच्या पुस्तिकेत मी सर्वांत आधी वगळलेल्या गोष्टींचे पान उघडले. नवव्या क्रमांकाचे कलम धाडसी खेळांचे आहे: पॅराजंपिंग, प्रस्तरारोहण, गिर्यारोहण, राफ्टिंग, घोड्यांच्या शर्यती, स्कूबा डायव्हिंग अशी यादी. हे वाचून सह्याद्रीत भटकणारे अनेक जण घाबरतात, पण कलम पूर्ण वाचावे. त्या खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा उपचार वगळलेला आहे, असे त्यात लिहिले आहे. पन्हाळा ते पावनखिंड ही पावसाळ्यातली मोहीम हौसेने करणारा, किंवा काठी टेकत नदीकाठाने चालणारी बाई, त्यात येत नाही. हे कलम सगळ्या कंपन्यांच्या आरोग्य पॉलिसींत एकाच शब्दांत असते. प्रवास विमा आणि अपघात विमा यांची वगळणी मात्र वेगळी असू शकते, ती स्वतंत्र वाचायला हवी.

अपघाताचे छत्र वेगळे घेण्याची गरज आहे का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत मिळते, १८ ते ७० वयाच्या कोणालाही, १ जून ते ३१ मे या वर्षासाठी. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, आणि एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेल्यास १ लाख. ती घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही, पण तिच्यातून उपचाराचा एक पैसाही मिळत नाही हे कळून घ्यावे. पाय प्लास्टरमध्ये गेला तर ती योजना गप्प बसते. तिच्या नियमांतली एक गोष्ट नदीकाठच्या वाटेला उपयोगी आहे: सर्पदंश किंवा झाडावरून पडणे अशा घटनांत तत्काळ घेतलेल्या उपचारांची रुग्णालयातली नोंद लागते, आणि बुडण्याच्या घटनेत पोलिसांत नोंद लागते. ज्यांना याहून मोठे छत्र हवे त्यांच्यासाठी ‘सरल सुरक्षा विमा’ ही प्रमाणित अपघात पॉलिसी आहे. अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत, आणि जादा हप्ता भरून अपघातानंतरच्या रुग्णालयाच्या खर्चासाठी मूळ रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत सोय घेता येते. मी नोकरी शोधणार असल्याने ती घेतली, वन्संनी नाही.

शासकीय योजनांच्या भरवशावर जाता येईल का, असेही पाहिले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि कोल्हापुरात असेपर्यंत तो मोठा आधार आहे. पण परिक्रमेतला महाराष्ट्र म्हणजे नंदुरबार जिल्ह्याचा डोंगराळ पट्टा, बाकी सारी वाट परराज्यात. केंद्राचे आयुष्मान कार्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांना देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत उपचार घेता येतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता ते मिळते. परिक्रमेत सत्तरीपुढचे पुष्कळ जण असतात. त्यांनी हप्त्यांच्या भानगडीत पडण्याआधी ते कार्ड काढावे.

नंतर मी जे केले ते कंटाळवाणे होते, पण या सगळ्या खटाटोपात तेच सर्वांत उपयोगी ठरेल असे मला वाटते. वाटेवरच्या मोठ्या गावांचे पिनकोड घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर कॅशलेस, म्हणजे जिथे बिल कंपनी परस्पर भरते अशी, रुग्णालये शोधली आणि नदीच्या दोन्ही तीरांची वेगवेगळी यादी केली. दोन तीर वेगळे ठेवण्याचे कारण परिक्रमा जाणणाऱ्यांना सांगायला नको. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचे नाही; ओलांडले की परिक्रमा खंडित. ओंकारेश्वराहून निघाल्यावर दक्षिण तीरावर बडवानी, राजपिपला, अंकलेश्वर; विमलेश्वरहून नावेने समुद्र पार करून उत्तर तीरावर आले की भरूच, पुढे महेश्वर, नेमावर, जबलपूर; अमरकंटकहून परतताना पुन्हा दक्षिण तीरावर नर्मदापुरम. मधल्या लांबच लांब पट्ट्यांत कॅशलेस रुग्णालय नाहीच, किंवा आहे ते पलीकडच्या तीरावर. वन्संचे मत स्पष्ट होते: कितीही आजारी पडले तरी पूल ओलांडायचा नाही. माझे मत तितकेच स्पष्ट होते. शेवटी ठरले असे, की चालता येत असेल तोवर त्यांचे ऐकायचे आणि १०८ बोलवावी लागली तर गाडीवाल्याचे.

जिथे कॅशलेस नाही तिथे पैसे आपण भरून नंतर मागायचे, आणि इथे रुग्णालय कशाला म्हणायचे याची व्याख्या आड येते. रुग्णालय म्हणून नोंदणी नसेल, तर दहा लाखांपेक्षा कमी लोकवस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर, सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि रोजच्या नोंदी, एवढे असले पाहिजे. चार खाटांच्या दवाखान्यात दोन रात्री सलाईन लावले, तर बिल खरे असूनही दावा नाकारला जाऊ शकतो. शिवाय काही ठरावीक उपचार सोडले, तर किमान २४ तास दाखल असावे लागते. पायाला आलेले फोड, गुडघेदुखी, जुलाब, कुत्र्याचा चावा, म्हणजे चालणाऱ्याला खरोखर होणारे बहुतेक त्रास या विम्याच्या बाहेरच राहतात. कुत्रा चावला तर सरकारी रुग्णालय गाठावे, रेबीजची लस तिथे मोफत मिळते, आणि पुढच्या मात्रांच्या तारखा कागदावर लिहून घ्याव्यात, कारण त्या दिवशी आपण पुढच्या कुठल्यातरी गावात असणार.

तातडीने दाखल झाल्यावर २४ तासांच्या आत कंपनीला कळवायचे असते. झाडीच्या पट्ट्यात फोनला रेंज नसते, म्हणून ही जबाबदारी माझ्या मुलाकडे दिली आहे. आमचा कोणाचाही निरोप आला की त्याने कोल्हापुरातून कळवायचे. पॉलिसी क्रमांक, कंपनीचा फोन, रक्तगट, चालू औषधे आणि मुलाचा नंबर असा एक कागद हिंदीत लिहून दोघींनी प्लास्टिकच्या पाकिटात गळ्यात अडकवला आहे.

परत आल्यावर पॉलिसी रद्द करायची का, हे मी अजून ठरवलेले नाही, पण मन नको म्हणते. वन्संची तर रद्द करायचीच नाही. रक्तदाबाच्या तीन वर्षांतले एक वर्ष त्यांचे परिक्रमेतच सुरू होईल आणि पॉलिसी तोडली की ते मोजणे पुन्हा शून्यावर येईल. दावा अन्यायाने नाकारला गेलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तिथे दाद लागली नाही तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. कोल्हापूर त्यांच्याच अखत्यारीत येते आणि त्याला शुल्क नाही. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, औषधांच्या चिठ्ठ्या आणि अपघात असेल तर पोलीस नोंदीची प्रत लागते. संजीवनीत ही कागदपत्रे रुग्णालयातून सुटल्यापासून ३० दिवसांत द्यायची असतात, तेव्हा ती झोळीत घालून अमरकंटकपर्यंत फिरवायची नाहीत. रुग्णालयातून निघतानाच फोटो काढून मुलाला पाठवायचे आणि मूळ कागद पोस्टाचे ऑफिस असलेल्या पहिल्या गावातून स्पीड पोस्टाने घरी रवाना करायचे.